खालाच्या मेलला बंद पडणारा ब्राउझर

आधीच सांगून टाकते, ह्या सदरात अनुभव लिहिणाऱ्यांना मी आजवर हसत आले आहे. कुणाला घाटात बाई दिसते, कुणाच्या पलंगाखाली कोणी तरी खोकतं... मी वाचते आणि मनात म्हणते, ह्यांची झोप कमी पडली असणार. माझं शिक्षण इलेक्ट्रॉनिक्सचं. वस्तू बंद पडली की त्याला कारण असतं, आणि ते सापडत नसेल तर शोधणारा आळशी असतो, एवढं साधं माझं मत. तरी आज लिहायला बसले आहे, कारण एक कारण मला इतकी वर्षं सापडलेलं नाही आणि आळस मी केलेला नाही.

गोष्ट २००३ सालची. रत्नागिरीत राम आळीत आमच्या बाबांचं स्टेशनरीचं दुकान होतं. त्याच्या मागच्या अर्ध्या भागात प्लायवूडचं पार्टिशन घालून मी सायबर कॅफे काढला होता. पाच पीसी आणि पाचांत वाटून घेतलेलं एक डायल-अप कनेक्शन. गावात तेव्हा कॅफे बरेच निघाले होते, पण बाई चालवते असा बहुधा माझाच. त्यामुळे राजिवडा, मिरकरवाडा, कर्ला इकडच्या बायका निर्धास्तपणे माझ्याकडे यायच्या. कुणाचा नवरा मस्कतला, कुणाचा भाऊ कुवेतला. त्या सांगायच्या आणि मी इंग्रजी अक्षरांत मराठी टाईप करायची. मग मोठ्यानं वाचून दाखवायचं आणि पाठवायचं.

तेव्हा ब्राउझर क्रॅश होणं म्हणजे काय वैताग होता हे आजच्या मुलांना सांगून कळायचं नाही. कॉलेजची पोरं यायची, एका वेळी चौदा खिडक्या उघडायची, 'तुम्ही दहा लाखावे पाहुणे आहात' असं लुकलुकणाऱ्या चौकोनावर आनंदानं क्लिक करायची, कुठला तरी टूलबार टाकून घ्यायची, आणि मग मान वळवून म्हणायची, ''ताई, हँग झाला.'' जसं काही मीच केलं! मी भिंतीवर स्केचपेननं सूचना लिहून लावल्या होत्या. दोनपेक्षा जास्त खिडक्या उघडू नयेत, विचारल्याशिवाय काही डाउनलोड करू नये, हँग झाल्यास एंटर बडवू नये. त्या सूचनेखालीच बसून लोक एंटर बडवत. शेवटी मीच रोज दुपारी जेवणाच्या वेळी पाचही मशीनवरच्या टेम्पररी फाइल्स उडवायची, हिस्टरी साफ करायची, आलेले टूलबार उपटून काढायची, व्हायरस स्कॅन लावायची. महिन्याभरात क्रॅश आठवड्याला एखाद्यावर आले. मला त्याचा गर्व होता, खोटं कशाला बोलू.

आणि मग हमीदाखाला सुरू झाली.

खाला, म्हणजे मावशी, राजिवड्याची. साठीच्या आसपासची, किडकिडीत, आणि तोंडाला कुलूप म्हणून नाही. तिचा एकुलता एक मुलगा इरफान सौदीत दम्मामला क्रेनवर होता. त्याला शुक्रवारी सुट्टी. दुपारी तो तिथल्या कॅफेत जाऊन मेल बघायचा, म्हणून खाला शुक्रवारी सकाळी साडेदहाला रिक्षानं यायची. नेहमी तीन नंबरच्या पीसीवर, कारण तो पंख्याखाली होता. तिचा मेल म्हणजे अख्ख्या मोहल्ल्याचं वर्तमानपत्र. कोणाची होडी नवी झाली, कोणाच्या सुनेनं काय केलान, सुरमई कशी महागलीय, मागच्या दारच्या फणसाला किती फळं धरली... सगळं. तासभर टाईप करून माझी बोटं दुखायची. ''खाला, आटप गो आता,'' म्हटलं की म्हणायची, ''तू पण ना मेल्ये, तो तिथं वाळवंटात बसलाय. वाचू दे की पोराला.''

वर्षभर हे बिनबोभाट चाललं होतं. एकदाही क्रॅश नाही.

श्रावणातल्या एका शुक्रवारी खाला आली ती नेहमीसारखी बडबडत नव्हती. बसल्या बसल्या म्हणाली, आज फार नाही लिवायचा. मी टाईप करायला लागले. सलाम, इथे सगळं ठीक, आणि मग तिनं सांगितलं ते वाक्य : मी बरी आहे, काळजी करू नको, काँट्रॅक्ट पुरं करून ये. वाक्य संपलं आणि ब्राउझर गचकन बंद. वर ती राखाडी चौकट, प्रोग्रामनं इल्लीगल ऑपरेशन केलंय, बंद करण्यात येत आहे.

''काय लिवलान त्यात?'' खालानं विचारलं.

मी वाचून दाखवलं. तिनं हात छातीवर ठेवला. ''इल्लीगल? म्हंजे पोलिसाची भानगड काय? आमच्या बशीरला सौदीतून इल्लीगल म्हणूनच परत पाठवलानी ना.''

आखातात माणूस असलेल्या घरात हा शब्द किती वाईट आहे हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. तिला समजावता समजावता दहा मिनिटं गेली. पुन्हा उघडलं, पुन्हा टाईप केलं, पुन्हा त्याच वाक्याला बंद. तिसऱ्यांदा कनेक्शनच गेलं. तेवढ्यात जुम्म्याच्या नमाजाची वेळ झाली आणि खाला तशीच परत गेली. मी चरफडत बसले.

पुढच्या शुक्रवारपर्यंत मी तीन नंबरचं जे काही करता येतं ते केलं. सगळी कॅश साफ केली, ब्राउझर काढून नव्यानं टाकला, डिस्प्लेचा ड्रायव्हर बदलला. दिवसभर त्याच मशीनवर पोरं नाचली, काही झालं नाही. शुक्रवारी खाला बसली, त्या वाक्याला बंद. तिला चार नंबरवर नेली, तिथेही बंद. एका मासिकाबरोबर दुसऱ्याच ब्राउझरची सीडी आली होती, तो टाकून बघितला. त्यानं निदान निराळी चौकट दाखवली, एवढाच फरक.

मी चिपळूणहून आमच्या इंजिनिअरला बोलावलं. गुरव नावाचा, शांत माणूस. त्यानं रॅम बदलली, हार्ड डिस्क फॉरमॅट केली, सगळं पहिल्यापासून लोड केलं आणि शुक्रवारी मुद्दाम थांबला. माझ्या मागे उभं राहून त्यानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. वाक्य संपलं, ब्राउझर गेला. त्यानं चष्मा पुसला. मग मला उठवून तो स्वतः बसला, तेच वाक्य टाईप केलं, आणि त्याचाही गेला. ''ताई, मशीनमध्ये फॉल्ट नाही,'' असं म्हणून तो स्क्रू ड्रायव्हर पिशवीत भरायला लागला. मग आहे कशात, म्हटलं तर म्हणाला, ते मला विचारू नका. तासाभरात चिपळूणची गाडी पकडून गेला.

बाबांनी सीपीयूवर नारळ ठेवला, हात जोडून काही तरी पुटपुटले. मी इतकी ओरडले की पुढच्या दुकानातलं गिऱ्हाईक बाहेर गेलं. तो नारळ मी संध्याकाळी आमटीच्या वाटणात घातला.

त्याच दिवशी, गुरव गेल्यावर, मी खालाला वैतागून म्हटलं, ''ते एक वाक्य गाळू या ना. बाकीचं सगळं जाईल. फणसाचं लिही, होडीचं लिही.''

''त्या एका वाक्यासाठी तर मी येते गो,'' ती म्हणाली. ''बाकीचा कशाला लिवू?''

मग तिनं इकडेतिकडे बघितलं आणि सांगितलं. पोटात गाठ होती. मिरजेला दाखवून आली होती. डॉक्टरनं दिवाळीपर्यंतची मुदत सांगितली होती, आणि इरफानचं काँट्रॅक्ट बकरीदला संपत होतं. मधेच आला तर कंपनी पुन्हा घेणार नाही. ''माझा आवाज ऐकलास ना? कसा झालाय तो? फोनवर त्याला लगेच कळेल. म्हणून त्याचा फोन आला की नणंदेला सांगते, सांग अम्मी नमाजला बसलीय. किती दिवस बसेन नमाजला? त्याला माझा मेल गेला पायजे. तू कळवायचा नाय त्याला. शपथ घे.''

आमच्याकडची ही एक रीतच आहे, आणि ती हिंदू-मुसलमान दोन्हीकडे आहे. आखातात असलेल्या माणसाला वाईट बातमी कळवायची नाही. तो येऊ शकत नाही, मग तिकडे एकटा रडेल, कामावर लक्ष लागणार नाही, क्रेनवरून पडेल. शिरगावचा एक माणूस बापासाठी ब्लँकेट घेऊन एसटीतून उतरला होता, बाप जाऊन सात महिने झाले होते. त्याच्या घरच्यांसाठी 'बाबा शेतावर गेलेत' हे मीच टाईप करत होते. अशी खोटी पत्रं मी कितीतरी पाठवली असतील. तेव्हा ब्राउझरनं कधी कुरकुर केली नाही, हे मुद्दाम सांगते. नाही तर तुमच्यातला कोणी तरी लगेच म्हणेल की मशीनला खोटं सहन होत नव्हतं. मशीनला सगळं सहन होत होतं. फक्त खालाचंच नाही.

मी शपथ घेतली. शब्द दिला. तिनं माझा हात धरला होता आणि तो हात फार हलका लागला.

पुढचे दोन शुक्रवार तेच. ती पायऱ्या चढताना थांबायला लागली. कॅफेला तीन पायऱ्या होत्या फक्त. बसायची, धाप कमी झाली की ते वाक्य सांगायची, ब्राउझर बंद पडायचा, आणि ती मला म्हणायची, ''पुन्हा कर.'' मी पुन्हा करायची. मला त्या मशीनचा इतका राग यायचा की वाटायचं उचलून रस्त्यावर आपटावं. आणि खरं सांगू, मला खालाचाही राग यायचा. मरायला टेकलेली बाई, एकच पोरगा, आणि ही त्याला 'येऊ नको' सांगायला रिक्षा करून येते! पण हे तिला सांगणारी मी कोण. तिच्या घरचं तिनं ठरवायचं.

पाच शुक्रवार झाले होते. पुढच्या गुरुवारी दुपारी कॅफे रिकामा होता. मी पार्टिशनचं दार लावून घेतलं आणि तीन नंबरवर खालाचा अकाउंट उघडला. पासवर्ड मीच करून दिला होता. मला फक्त टेस्ट करायची होती. आधी तिचं वाक्य टाईप केलं, बंद. पुन्हा उघडून लिहिलं, 'आज पाऊस नाही, बांगडा स्वस्त आहे.' काही झालं नाही. ते खोडलं. मग मी लिहिलं : इरफान, तुझी आई खूप आजारी आहे. दिवाळीपर्यंत राहील असं डॉक्टर म्हणतात. तू ये.

काही झालं नाही. अक्षरं तशीच उभी राहिली, कर्सर लुकलुकत राहिला. मी वाट बघितली. पत्ता टाकला. सेंड बटणावर माउस नेला. मोडेमचा हिरवा दिवा नीट जळत होता, कनेक्शन कधी नव्हे इतकं चांगलं होतं.

मी दाबलं नाही. पाचेक मिनिटं तशी बसले असेन. मग सगळं खोडलं, एकेक अक्षर, आणि ब्राउझर बंद केला. तोही शहाण्यासारखा बंद झाला.

दुसऱ्या दिवशी सहावा शुक्रवार. पुन्हा तेच झालं, आणि त्यानंतर खाला आली नाही. तिच्या नणंदेनं निरोप पाठवला की आता उठवत नाही.

घटस्थापनेच्या आदल्या दिवशी सकाळी मी नुकतं शटर उघडलं होतं. एक उंच माणूस पायऱ्या चढून आत आला. गालावर चार दिवसांची दाढी, शर्टाच्या खिशात बोर्डिंग पास तसाच.

''ताई, मी इरफान. हमीदाचा मुलगा.''

मी खुर्ची पुढे केली. तो बसला नाही. रात्री उतरलो, म्हणाला. कंपनीनं सोडायला आठ दिवस लावले, शेवटी काम सोडतो असं लिहून दिलं तेव्हा पासपोर्ट मिळाला. अम्मी आहे, बोलते आहे. मग म्हणाला, ''ताई, तुम्ही मेल पाठवलात म्हणून आलो. पण त्यात काही लिहिलेलं का नव्हतं?''

मी म्हटलं, मी काहीच पाठवलं नाही. सहा आठवडे तुझ्या आईचा एकही मेल गेलेला नाही.

''सहा आलेत,'' तो म्हणाला.

मी त्याला तीन नंबरवर बसवलं. त्यानं त्याचा अकाउंट उघडला. अम्मीकडून आलेले सहा मेल एकाखाली एक होते. सहाही शुक्रवारचे, सकाळी अकराच्या पुढेमागे. विषय नाही, मजकूर नाही. नुसते पांढरे. मी खालाच्या अकाउंटमधली पाठवलेल्या मेलची यादी उघडली. तिथं पहिल्या क्रॅशच्या आधीच्या शुक्रवारचा मेल होता आणि त्यानंतर एकही नव्हता.

''पहिला आला तेव्हा वाटलं, चुकून बटण दाबलं गेलं असेल,'' इरफान सांगत होता. ''दुसरा आला, तिसरा आला. ताई, माझी अम्मी कधी गप्प बसलीय का? बाजारात उभी राहिली तर अख्ख्या मोहल्ल्याला थांबवते. ती मला कोरा मेल पाठवील? फोनवर पण येईना. सहावा आला तेव्हा मी कंपनीत जाऊन सांगितलं, मला घरी जायचंय.''

आता तुम्ही म्हणाल, क्रॅश होता होता अर्धवट मेल निसटला असेल. मीही तेच म्हटलं असतं. पण मी प्रत्येकाचा मेल लिहिताना पत्ता शेवटी टाकते. सुरुवातीला एका बाईचा अर्धाच मेल चुकून गेला होता आणि तिच्या नवऱ्यानं तिकडून फोन करून घर डोक्यावर घेतलं होतं, तेव्हापासून मला ही सवय आहे. आधी मजकूर, मग वाचून दाखवायचं, मग पत्ता. खालाचा ब्राउझर त्या वाक्याला बंद पडायचा तेव्हा पत्त्याची जागा सहाही शुक्रवारी रिकामी होती. सेंड कुणीच दाबलं नव्हतं. आणि एका शुक्रवारी मी तीन-तीनदा प्रयत्न करायची, मग दर शुक्रवारी एकच का गेला, हेही आहे. गुरवला फोन करून विचारलं. त्यानं फोन ठेवला.

हे सगळं मी इरफानला समजावून सांगत होते, हातवारे करून, स्क्रीनवर दाखवून. मशीनबद्दल बोलत होते तोपर्यंत मला बरं वाटत होतं. तो ऐकत होता. मग हळू आवाजात त्यानं विचारलं, ''ताई, तुम्हाला माहीत होतं? अम्मीचं?''

''हो,'' मी म्हटलं.

त्यानं मान हलवली. सहाही मेल उघडे ठेवून उठला आणि गेला.

चार दिवसांनी खालानं मला बोलावून घेतलं. राजिवड्यातलं त्यांचं घर खाडीच्या अंगाला आहे, खिडकीतून होड्या दिसतात. खाला उशाशी टेकून बसली होती, अगदी एवढीशी झालेली, आणि इरफान तिला पेज भरवत होता. मला बघितल्यावर तिनं चमचा बाजूला सारला.

''कळवलास ना त्याला?'' ती म्हणाली. ''शपथ घेऊन पण कळवलास.''

''खाला, मी नाही...''

''गप गो. मशीनवर कशाला ढकलतेस?'' तिनं माझा हात ओढून दोन्ही हातांत घेतला. ''मी लय शिव्या दिल्या तुला, इरफान सांगेल. दोन दिवस दिल्या. मग तिसऱ्या दिवशी तो माझ्या डोक्याला तेल लावत होता, तेव्हा वाटला, बरा केलान पोरीनं. माझा ऐकली असतीस तर हा बकरीदला येऊन कोणाला तेल लावणार होता? अल्ला तुझा भला करो.''

मी इरफानकडे बघितलं. त्याला माहीत होतं की मी एक अक्षरही कळवलं नव्हतं. त्यानं माझ्याकडे बघून हळूच मान नकारार्थी हलवली, राहू दे अशी, आणि पुन्हा चमचा उचलला. मी तो आशीर्वाद घेतला. इतकी लाज मला त्याआधी आणि त्यानंतर कधी वाटली नाही.

खाला दिवाळीच्या आठवडाभर आधी गेली. इरफानला तिचे तीन आठवडे मिळाले.

कॅफे पुढे २००८ मध्ये बंद केला. तीन नंबरचा पीसी विकण्याआधी मी तो पुन्हा एकदा पूर्ण उघडून बघितला. काही सापडलं नाही. ज्यांना तांत्रिक बाजू कळते त्यांनी जरूर कळवावं, मी आजही ऐकायला तयार आहे, फक्त 'सर्व्हर एरर असेल' एवढं सांगून वाटेला लावू नका. तो विचार माझा शंभरदा करून झाला आहे.

पण इथं सगळंच लिहायला बसले आहे तर हेही लिहिते. मशीनचं उत्तर नाही मिळालं तरी आता माझं अडत नाही. त्या गुरुवारी कनेक्शन चांगलं होतं, पत्ता टाकलेला होता, बोट बटणावर होतं आणि मी दाबलं नाही. शब्द दिला होता, हे कारण मी स्वतःला देते, आणि ते मला पटत नाही. इरफान पुढे कतारला गेला, अजून तिथंच आहे, ईदेला न चुकता फोन करतो. मुलांचं सांगतो, माझ्या गुडघ्याची चौकशी करतो. 'मग कळवलं का नाही' हे त्यानं आजवर एकदाही विचारलेलं नाही. दर वेळी फोन वाजला की मला वाटतं, आज विचारील.